आणि त्याआधी कोण?

गायिकेने हात वर केला आणि अख्खा वाद्यवृंद जागच्या जागी थांबला. फक्त शेवटच्या रांगेतला ट्रॉम्बोनवाला आपल्याच तंद्रीत दोन सूर पुढे निघून गेला, मग इकडेतिकडे बघत त्यानेही वाद्य खाली घेतलं. संचालकांची काठी हवेतच राहिली. तालीम मध्येच थांबवायचा हक्क आपला एकट्याचा, अशी त्यांची आजवर समजूत होती.

गायिका पश्चिम आफ्रिकेतून आली होती. उंच, रुंद खांद्यांची, पन्नाशी ओलांडलेली बाई; चालायला लागली की रंगमंचाच्या फळ्यांना कळायचं. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणंच चालत आलेलं, आणि गाणं म्हणजे लोकांची, त्यांच्या वाडवडिलांची नावं सुरात जपून ठेवायची. सोबत तिचे म्हातारे मामा होते. ते कोरा नावाचं तंतुवाद्य वाजवायचे. अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं कातडं, मधून उभी दांडी आणि समोरासमोर तारांच्या दोन रांगा. मामा ते वाद्य मांडीशी घेऊन बसायचे आणि दोन्ही अंगठ्यांनी असे काही छेडायचे की तीन-चार जण मिळून वाजवताहेत असं वाटावं. तालमीच्या दुसऱ्या दिवशी सगळा वाद्यवृंद त्यांना मामाच म्हणायला लागला होता, आणि मामाही त्या हाकेला बिनदिक्कत ओ देत होते.

गायिका सरळ व्हायोलिनच्या रांगांत शिरली, खुर्च्या बाजूला सारत मागच्या रांगेतल्या शेवटच्या मुलीपुढे येऊन उभी राहिली. ही मुलगी घरात शेंडेफळ म्हणून धाकटी, आणि इथेही वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तेच नाव चिकटलेलं. चूक कुठे झाली ते धाकटीला पक्कं ठाऊक होतं. चाल जिथे वर चढते तिथे दोन सूर स्वच्छ, वेगवेगळे वाजवायचे होते. पण मामांच्या तारा ऐकता ऐकता तिचं बोट एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेलं होतं.

दुभाषीबाई मागोमाग धावत आल्या.

"मघाचं पुन्हा वाजव म्हणतात."

धाकटीने व्हायोलिनच्या तारांवर बो टेकवला आणि शहाण्या मुलीसारखे दोन सूर स्वच्छ वाजवले. गायिकेने मान हलवली. हे नाही, मघाचं. धाकटीने एकदा संचालकांकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि बोट घसरू दिलं.

गायिका हसली. तिने तीच जागा गळ्यातून घेतली, तशीच घसरत, फक्त एवढ्या भरघोस आवाजात की पुढचा चेलोवाला खुर्चीत सरळ झाला. मामांनी तेच तारांवर करून पाहिलं, जमेना, तेव्हा हात झाडून भोपळ्याला एक टपली मारली. सगळे हसले. आणि त्या हशातच गायिकेने ठरवून टाकलं की उद्याच्या पहिल्या गाण्यात बासरी आणि चेलो यांच्यानंतर तिसरी एकटी वाजवेल ती ही मुलगी. संचालक काही बोलायच्या आत ते ठरूनही गेलं.

धाकटीचे कान गरम झाले. या वाद्यवृंदात ती आली तेव्हापासून तिचं एकटीचं व्हायोलिन कुणी ऐकलंच नव्हतं. मागच्या रांगेचं कामच मुळी ऐकू न येण्याचं.

पहिल्या गाण्याची एक रीत होती, ती दुभाषीबाईंनी सगळ्यांना समजावून सांगितली. जो एकटा वाजवेल त्याला शिकवणाऱ्याचं नाव गायिका आधी गाते. ही तिच्या आजीची रीत. आजी म्हणायची, नाव न घेता गाणं सुरू करणं म्हणजे दार न वाजवता कुणाच्या घरात शिरणं. नाव घेतलेला माणूस सभागृहात असेल तर तो उभा राहतो, मग त्याला विचारायचं, आणि त्याआधी कोण? त्यालाही आपल्या गुरूचं नाव सांगता आलं तर तेही गाण्यात जातं.

बासरीवाल्याने आपल्या काकांचं नाव सांगितलं. चेलोवाल्याने एका वारलेल्या बाईंचं. मग गायिका धाकटीकडे वळली, आणि बोटाने हवेत ती घसरती रेघ काढत तिने विचारलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

धाकटीने आपल्या व्हायोलिनच्या प्राध्यापकांचं नाव सांगितलं.

वादकाला कुणाकडे शिकलात म्हणून विचारलं की मोठं नाव आपोआप तोंडात येतं. तिच्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर ते नाव होतं, प्रत्येक परीक्षेच्या आधी तिने ते सांगितलं होतं, प्रश्न पुरता कानावर पडायच्या आत उत्तर तयार असायचं. गायिकेने ते नाव दोनदा ओठांवर घोळवून पाहिलं, मामांनी त्याला एक तार लावून दिली, आणि तालीम पुढे सुरू झाली.

घरी जाताना चौकातल्या सिग्नलपाशी धाकटीचा पाय थबकला. दिवा हिरवा झाला, मागचे लोक तिला वळसा घालून पुढे गेले, आणि ती व्हायोलिनची पेटी छातीशी धरून तिथेच उभी. गायिकेने गुरू कोण असं विचारलंच नव्हतं. हे कुणी शिकवलं, असं विचारलं होतं. आणि हे तर प्राध्यापकांनी शिकवलेलं नव्हतंच. उलट हेच काढून टाकण्यासाठी त्यांनी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते की ही घसरगुंडी बागेत शोभते, माझ्या वर्गात नाही.

घसरगुंडी बाबांची होती.

बाबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर पिवळे गोंडे, डोक्यावर टोपी. वरात असो, मिरवणूक असो की कुठल्या दुकानाचं उद्‌घाटन. टोपीवरून सगळा बँड त्यांना कॅप्टन म्हणायचा. जिन्याच्या पायरीवर बसून ते बूट पुसायचे आणि पुसता पुसता शिट्टी वाजवायचे. वरच्या पायरीवर इवलंसं व्हायोलिन घेऊन बसलेली धाकटी ती शिट्टी पकडायला बघायची. शिट्टी सुरांवर पावलं टाकत चालत नाही, घसरतच जाते. तिचं बोट तिथेच घसरायला शिकलं.

ती घरी पोचली तेव्हा बाबा आरशासमोर उभे होते आणि आई त्यांच्या कोटाला इस्त्री करत होती. आई गुणगुणत होती. इस्त्री पुढे गेली की सूर वर, मागे आली की खाली. धाकटी दारात येताच गुणगुणणं बंद झालं. हे नेहमीचंच. आई गाते हे सगळ्या घराला माहीत होतं, पण गाताना तिला कुणी पकडलेलं नव्हतं. कुणी नुसतं वळून पाहिलं तरी ती थांबायची, आणि विचारलंच तर म्हणायची, मी कुठे गात होते? सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीवर तिने सगळी उमेदीची वर्षं काढली होती. तिथे गप्प राहायची सवय लागली असेल, असं बाबा चेष्टेने म्हणायचे.

"ये, ये. हे वाचलंस?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी तिच्यापुढे नाचवली. गायिकेवर चांगला अर्धा रकाना आला होता, आणि त्यात ती रीतही छापली होती. वादकांच्या गुरूंची नावं गाण्यात येतात; फक्त एकट्याने वाजवणाऱ्यांच्याच, हे छापायचं राहून गेलं होतं. गुरू सभागृहात असतील तर उभे राहतात.

बाबांनी पुढचं काही विचारलंच नाही. विचारण्यासारखं त्यांना काही वाटलंही नसावं. बातमी वाचल्या वाचल्या त्यांनी बँडमधल्या सगळ्यांना फोन केले होते, आणि तुतारीवाल्यापासून झांजवाल्यापर्यंत सगळ्यांनी उद्याची बाल्कनीतली तिकिटं काढली होती. कॅप्टनचं नाव आफ्रिकेतली बाई गाण्यात घेणार म्हटल्यावर घरी कोण बसतंय? मोठ्या ड्रमवाल्याचा गुडघा धरलेला, तोसुद्धा जिने चढून येणार होता.

"उभं कसं राहू?" बाबा म्हणाले. "असं एकदम उठू की नाव पुरतं होऊ देऊ?"

त्यांनी खुर्चीत बसून दोन्ही प्रकार करून दाखवले. एकदम उठणं त्यांना उतावीळपणाचं वाटलं. हळू उठलं तर गुडघे दुखताहेत असं लोकांना वाटेल. शेवटी मधला वेग ठरला, आणि उभं राहिल्यावर डावा हात कोटाच्या बटणावर ठेवायचा आणि मान किंचित लववायची, हेही ठरलं. कवळी बसवल्यापासून त्यांची क्लॅरिनेट कपाटावर गेली होती. शिट्टीही आता अर्धी वाऱ्यावरच जायची. पण त्या संध्याकाळी ते आरशासमोर असे काही उठबस करत होते की धाकटीला हसू आवरेना, आणि हसता हसता रडू येईल अशी भीती वाटायला लागली. ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली.

आई इस्त्रीचं फडकं हातात घेऊनच मागे आली.

"काय झालं?"

"मी त्यांचं नाव सांगितलं नाही, आई. सरांचं सांगितलं."

आईने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मग जाऊन सांग."

"सर पहिल्या रांगेत असणार आहेत."

"असू देत ना." आईने दाराकडे पाहिलं. बाहेर खुर्ची पुन्हा एकदा करकरली. "नाव राहून गेलं म्हणून कुणाचं काही अडत नाही गं. पण तुझे बाबा कोट घालून येणार आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारीच धाकटी सभागृहात पोचली. रंगमंचावर दिवे लावायचं काम चाललं होतं, शिडीवरचा माणूस खालच्याला आणखी डावीकडे, आणखी डावीकडे म्हणून ओरडत होता. गायिका कपडे बदलायच्या खोलीत पाय वर घेऊन बसली होती, हातात गरम पाण्याचा पेला. मामा कोपऱ्यात भोपळ्याला कान लावून तारा जुळवत होते. दुभाषीबाईंना मध्ये घालून धाकटीने एका दमात सगळं सांगून टाकलं: जिना, बूट, शिट्टी, प्राध्यापक, वर्तमानपत्र, बाल्कनीतली तिकिटं, झांजवाला. दुभाषीबाई मध्येच थांबून झांजवाला कुठून आला म्हणून विचारायला लागल्या.

गायिकेने सगळं ऐकून घेतलं. मग ती बराच वेळ बोलली आणि दुभाषीबाईंनी त्याचं थोडक्यात करून सांगितलं. दिलेलं नाव परत घेता येत नाही. ते नाव घेऊन ती रात्री झोपली आहे, आता ते गाणारच. तुझ्या सरांनीही तुला काही कमी दिलेलं नाही. पण त्यांचं नाव झाल्यावर ती थांबेल, आणि तो प्रश्न त्यांना न विचारता तुला विचारेल.

"त्या वेळी तुला जे सांगायचं ते तू सांगायचंस," दुभाषीबाई म्हणाल्या. "मी तुझ्याऐवजी सांगणार नाही, म्हणतात."

"आणि मला बोलताच आलं नाही तर?"

हे भाषांतरित व्हायच्या आधीच गायिकेला कळलं असावं. तिने धाकटीच्या पेटीवर दोन बोटं आपटली.

संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं. ज्यांना खुर्च्या मिळाल्या नाहीत ते भिंतीला टेकून उभे राहिले. पडद्याच्या फटीतून धाकटीने पाहिलं. प्राध्यापक पहिल्या रांगेत मधोमध, पांढरा रुमाल खिशातून अचूक तेवढाच बाहेर. बाबा आणि आई बऱ्याच मागे, मधल्या वाटेच्या कडेला. बाबांनी खास ती जागा मागून घेतली होती, उठताना कुणाचे गुडघे मध्ये नकोत म्हणून. आईने पर्स मांडीवर घट्ट धरलेली. आणि वर बाल्कनीत पहिल्या रांगेत सगळा बँड. त्यातल्या दोघांनी चक्क लाल कोट घातले होते.

पडदा वर गेला. आधी नुसते मामा. तारांवरून अंगठे फिरायला लागले आणि सभागृहातली कुजबुज आपोआप खाली बसली. मग वाद्यवृंदाने खालून सूर धरला, मागच्या रांगेतून ड्रम आला, आणि गायिका अंधारातून गातच पुढे आली. निळ्याशार कपड्यांत ती रंगमंचाहून मोठी दिसत होती. तालमीत तिने आवाज राखून ठेवला होता हे आता कळलं. तो आवाज समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला, आणि येताना लोकांना खुर्चीतून थोडं उचलून आला. भिंतीपाशी उभे असलेले डुलायला लागले. संचालकांची काठी नेहमी मापात चालायची, तिनेही आज ताळ सोडला.

बासरीची पाळी आली. गायिकेने काकांचं नाव गायलं आणि काका उठले. विचारल्यावर त्यांनी आपल्या गुरूंचं नाव सांगितलं, तेही गाण्यात गेलं, टाळ्यांचा पाऊस पडला. चेलोवाल्याच्या बाईंचं नाव तिने अगदी हळू घेतलं आणि त्यांच्यासाठी कुणीच उभं राहिलं नाही, पण सगळं सभागृह क्षणभर त्यांना उठायला वेळ दिल्यासारखं थांबलं.

मग दिवा धाकटीवर आला.

ती पुढे आली. गायिकेने प्राध्यापकांचं नाव घेतलं. सुरेख घेतलं, वर नेऊन अलगद खाली ठेवलं. प्राध्यापक अर्धे उठले, वळून सभागृहाला हात दाखवून बसले. टाळ्या झाल्या.

धाकटी मात्र मागे, वाटेच्या कडेला बघत होती. बाबांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते, उठायच्या तयारीत. नाव झालं. हात तिथेच राहिले. मग त्यांनी ते एकेक करून उचलले आणि मांडीवर ठेवले, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. वर बाल्कनीत कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं.

गायिका थांबली. वाद्यवृंद थांबला. मामांनी फक्त एक तार चालू ठेवली. गायिका धाकटीकडे वळली आणि तिने तो प्रश्न गाऊन विचारला. भाषा कुणाला येत नव्हती, पण काकांच्या पाळीपासून साऱ्या सभागृहाला तो ओळखीचा झाला होता. आणि त्याआधी कोण?

पहिल्या रांगेतला पांढरा रुमाल धाकटीपासून हाताच्या अंतरावर होता. तिने बोलायला ओठ उघडले आणि आवाज फुटेना. तेव्हा तिने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि ती चाल वाजवली, जिन्यावरची, शिट्टीची. तिला आलेली सगळ्यांत पहिली चाल. सभ्यपणे नाही, चोरून नाही. जिथे जिथे घसरायचं तिथे पुरतं बोट टाकून घसरली, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटचा सूर बाबा खेचायचे तसा दम संपेपर्यंत खेचला.

बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "कॅप्टन!"

आता आवाज फुटला. धाकटीने बाबांचं नाव सांगितलं, पूर्ण, आणि ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे हेही सांगितलं. गायिकेने ते नाव उचललं आणि असं काही उंच नेलं की वरच्या लाल कोटांनी कठड्यावर हात आपटायला सुरुवात केली, आणि तो ताल इतका पक्का होता की मामांनी मान वर करून तोच पकडला. प्राध्यापकांनी मान हलवली. ती नापसंतीची की दाद, हे धाकटीला कळलं नाही, आणि त्या क्षणी तिला त्याचं काही वाटलंही नाही.

बाबा उभे राहिले होते. एकदम की हळू, कुणास ठाऊक; त्यांनाही सांगता आलं नसतं. हात बटणावर गेला नाही, मानही लवली नाही. ते नुसते उभे होते आणि डोळे पुसत नव्हते.

रीतीप्रमाणे गायिकेने त्यांनाही विचारलं. आणि त्याआधी कोण? बाल्कनीतले सगळे पुढे वाकले. बँडच्या जुन्या मास्तरांचं नाव येणार हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला हात वर करूनच बसले होते.

बाबांनी शेजारी पाहिलं.

"हिने," ते म्हणाले.

दुभाषीबाई माइक घेऊन वाटेने धावत आल्या. आईने बाबांच्या कोटाचं टोक धरून खाली ओढलं.

"अहो, बसा ना. काय हे."

"नाही बसत." माइकमध्ये बाबांचा आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला आणि ते दचकले. "आमच्यात कुणाला नोटेशन येत नव्हतं. नवीन गाणं आधी मी बसवायचो. सगळ्यांना वाटायचं, मी सिनेमाच्या पहिल्या खेळाला जाऊन ऐकून येतो." त्यांनी वर बाल्कनीकडे पाहिलं. "मी कधी गेलो नाही. ही तिकीट खिडकीवर असायची. दिवसभर गाणं भिंतीतून हिच्या कानावर पडायचं. घरी येऊन गुणगुणायची. मी हिच्याकडे पाठ करून बसायचो, वळून बघायचो नाही. वळलं की ही थांबते."

वर बाल्कनीत मोठ्या ड्रमवाल्याने गुडघा धरत उठून उभं राहायचा प्रयत्न केला आणि जमल्यावर तो तसाच उभा राहिला.

धाकटी रंगमंचावरून बघत होती. जिन्यावर बूट पुसत बसलेले बाबा, मागे उघडं दार, आणि दाराच्या आत इस्त्रीचा किंवा भांड्यांचा आवाज. त्या आवाजाबरोबर आणखी काहीतरी असायचं. ती लहानपणभर त्या दारासमोरच्या पायरीवर बसली होती.

गायिका रंगमंचाच्या पायऱ्या उतरून खाली आली. लोक पाय आत घेत तिला वाट देत होते. आईपुढे येऊन ती वाकली, आणि तिने काही विचारलं. दुभाषीबाईंनी सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं.

"नाव विचारतात."

आईने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. मग खाली बघत तिने नाव सांगितलं. लग्नाआधीचं, वडिलांच्या घरचं पुरतं नाव. माइक दूर होता, तरी शांततेत ते रंगमंचापर्यंत आलं. धाकटीने ते नाव आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

गायिकेने ते हळूच घेतलं, जणू गरम भांडं. मग उचलत नेलं. मामांनी तारा मोकळ्या सोडल्या, संचालकांनी काठी उंचावली, सगळा वाद्यवृंद उठल्यासारखा वाजायला लागला, ट्रॉम्बोनवाला या वेळी वेळेवर आला. धाकटीने त्यांच्यातच ती जिन्यावरची चाल घातली आणि ती तिथे बसली, कुणी आधी मापून ठेवल्यासारखी. भिंतीपाशी उभे होते ते नाचायला लागले. बाल्कनीचा कठडा आता ढोल झाला होता.

आईला काय करावं ते कळेना. इतक्या लोकांमध्ये आपलं नाव फिरतंय आणि आपण नुसतं बसायचं, हे तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं. तिने पदर सारखा केला. पर्स बाजूला ठेवली. मग तिचे ओठ किंचित हलले, आणि धाकटीला एवढ्या लांबूनही कळलं की ती कुठल्या सुरावर आहे, आणि आता कुठे घसरणार.

तेवढ्यात बाबांनी वळून पाहिलं. न बघता राहणं त्यांना या वेळी जमलं नाही.

आई गात राहिली.